पिठाखालची फरशी

अण्णांना अग्नी देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी घरातलं पाणी संपलं. संपणारच होतं. आदल्या दिवशी शेजारच्या बायकांनी पुढची खोली, स्वयंपाकघर, ओटा आणि हाताला लागलेलं प्रत्येक भांडं धुऊन काढलं होतं. जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की ते हौदात धरायचं आणि मोटरनं वरच्या टाकीत चढवायचं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून माझ्या वडिलांचा, अण्णांचा, दिवस या एका कामाभोवती बांधलेला असे. पाणी अवेळी येई, म्हणून ते पहाटेआधीच उठून मागच्या पडवीत जात.

मी मोटर चालू करायला मागे गेले आणि बटणाकडे नेलेला हात तसाच राहिला. मोटरीचा पाइप सुटलेला होता. ती ज्या बोल्टांवर बसवली होती, त्यातले दोन जागेवर नव्हते आणि तिसरा अर्धा बाहेर आला होता. अण्णा मोटर उघडत, पण अर्धी उघडून कधी ठेवत नसत.

तोपर्यंत आम्ही सगळे एकच धरून चाललो होतो. अण्णा ओल्या फरशीवरून घसरले, धुण्याच्या दगडावर डोकं आपटलं आणि तिथंच गेले. भिंतीपलीकडचे बसलिंगप्पा काका सकाळी गच्चीवर आले तेव्हा त्यांना ते दिसले. त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. हवालदार येऊन दगड बघून गेले. वयस्कर माणूस, अंधार, शेवाळलेला दगड. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मी पुण्याहून पोचले तेव्हा अण्णा शवविच्छेदनासाठी सरकारी दवाखान्यात होते. संध्याकाळी ते आमच्या ताब्यात मिळाले आणि लगेच सगळं उरकलं.

मी पोलीस ठाण्यात फोन केला. फौजदारांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांचा आत्ताच फोन येऊन गेला. दोन्ही दंडांवर वळ आहेत म्हणाले. कुणी घट्ट धरल्यासारखे. आम्ही येतोय. मागची जागा जशी आहे तशी राहू द्या."

ती जागा राहिली होती, ती वच्छला आत्यामुळे.

आत्या अण्णांची थोरली बहीण. उजनीच्या पाण्याकाठच्या गावात राहते. त्यांची आई लवकर गेल्यावर अण्णांना, म्हणजे तिच्या सयाजीला, तिनंच कडेवर वाढवलं. आदल्या दिवशी ती आली, भावाच्या पायांशी बसली, आणि अण्णांना घेऊन माणसं निघाली तशी उठून थेट पडवीत गेली. बायका बादल्या घेऊन मागे आल्या होत्या. आत्या दारात आडवी उभी राहिली. "हितं पानी न्हाय वतायचं," एवढंच म्हणाली. मग तिनं ज्वारीचं पीठ मागून घेतलं. अण्णांचं डोकं जिथं होतं तिथल्या वाळलेल्या डागावर ते चाळलं, वर टोपली पालथी घातली, भिंतीकडेला दिवा लावला आणि दिव्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला.

ही रीत मला माहीत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताना टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराची नखं, मुंगीची वाट, माणसाचं पाऊल. जे दिसेल, त्या वाटेनं जीव गेला. पण आत्याला भावाचा पुढचा जन्म कळून घ्यायचा नव्हता. तिला वेगळंच खात होतं, आणि ते तिनं रात्रभर मला तीन-चार वेळा सांगितलं होतं.

"कुनी तोंडात पानी घातलं नसंल गं त्याच्या. तसा गेला तर जीव हितंच घुटमळतो. पाऊलच उठत न्हाय."

माझी आई गेली तेव्हा अण्णांनी चमच्यानं तिच्या ओठांत पाणी सोडलं होतं. त्यांच्या वेळी तिथं कुणीच नव्हतं. मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले होते.

फोन ठेवून वळले तर आत्या टोपलीपुढं वाकलेली.

"आत्या, थांब. पोलीस येताहेत."

"त्यांचं हितं काय काम?"

मी तिला मोटर दाखवली. दंडावरच्या वळांचं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मग हळू आवाजात, भाजी निवडताना बोलावं तशी, म्हणाली, "त्याचं हात झडतील. ज्यानं केलं त्याचं हात झडून पडतील."

फौजदार आले ते एका मोठ्या गाडीबरोबर. गाडीतून दोन पेट्या घेऊन एक बाई उतरल्या. पस्तिशीच्या असतील. त्यांनी चपला दारात काढल्या, पायांवर कापडी पिशव्या चढवल्या आणि आत येण्याआधी विचारलं, "कालपासून या घरात कोण कोण वावरलं?"

"सगळी कॉलनी," मी म्हणाले.

"आणि काय काय धुतलं?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. तक्रार केली नाही. त्यांचं नाव झीनत. गुन्ह्याच्या जागेवरच्या खुणा शोधून जपून ठेवणं हे त्यांचं काम. फौजदार मात्र पडवीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे पीठ कुणी टाकलं?"

"म्या," आत्या म्हणाली.

"आजी, तुम्ही तर पुरावाच झाकला की."

"झाकलं म्हनून ऱ्हायलं. न्हायतर त्या बायांनी फिनेल वतलं असतं. मग काय हुंगत बसला असता व्हय?"

बसलिंगप्पा काका भिंतीपलीकडून हे ऐकत होते. ते खोकल्यासारखे हसले आणि मग आपण हसलो याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण लगेच पुढच्या दारानं येऊन ते हात जोडून उभे राहिले. झीनत मॅडमनी त्यांना विचारलं, काल सकाळी ते पडवीत कुठपर्यंत आले होते, वाकले होते का, कशाला हात लावला होता का. काकांनी सांगितलं: पायरीपर्यंत आलो, हाक मारली, फरशीवरचं रक्त वाळून काळं पडलेलं बघितलं आणि पुढं जायचा धीर झाला नाही. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मोटरीच्या बाजूनं उचललं.

"तुमच्या चपलेचा ठसा घ्यावा लागेल."

"घ्या की मॅडम. पण चप्पल परत द्या. नवीन आहे, आता कुठं चावायची थांबायला लागली."

मोटरीवर त्यांनी बराच वेळ घालवला. काळी पूड, ब्रश, उजेड तिरका धरून बघणं. शेवटी म्हणाल्या, "गंज आणि तेल. सलग काही मिळत नाही." मग त्या टोपलीजवळ आल्या, पण हात न लावता आत्यासमोर खाली बसल्या.

"आजी, पीठ कसं टाकलं? मुठीनं?"

"चाळनीनं. वरनं. बोट लावायचं नसतं पिठाला, न्हायतर पाऊल कळत न्हाय."

"दाबलं, सारखं केलं?"

"न्हाय म्हंते की."

"खालची जागा पुसली होती?"

"त्याचं रगत हाय ते. मी कशी पुसू?"

झीनत मॅडम फौजदारांकडे वळून म्हणाल्या, "सगळ्या घरात पाय न पडलेली एवढीच जागा आहे, साहेब." मग आत्याला म्हणाल्या, "टोपली मला उचलावी लागेल."

"रक्ताच्या मानसानं उचलायची असती. नाव काय तुमचं?"

"झीनत."

"नावाचं काय न्हाय वो. पन भैन त्याची मी हाय."

फौजदारांनी घड्याळाकडे बघितलं. झीनत मॅडमनी बघितलं नाही. त्यांनी पेटीतून पातळ रबरी हातमोज्यांचा एक जोड काढला.

"मग तुम्हीच उचला. पण माझ्या पद्धतीनं. हे घालायचे, तोंडावर हे बांधायचं, म्हणजे श्वासानं पीठ उडणार नाही. सरळ वर उचलायची, आजी, बाजूला ओढायची नाही."

"तुमची बी रीतच हाय की," आत्या म्हणाली.

मोजे चढायला वेळ लागला. संधिवातानं आत्याची बोटं वाकडी झालीत; करंगळी दोनदा चुकीच्या खोबणीत गेली. झीनत मॅडमनी लहान मुलाला घालावेत तसे एकेक बोट धरून ते घातले. मग आत्यानं दोन्ही हातांनी टोपली धरली आणि सरळ वर उचलली.

पिठावर काही नव्हतं. नखं नाहीत, मुंगी नाही, साधी रेघही नाही. चाळणीतून पडलं तसं मऊ, सपाट पीठ.

"कोरं हाय," आत्या म्हणाली.

झीनत मॅडमनी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतले. आत्या टोपली छातीशी धरून उभी होती. कापडी पट्टीच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. "न्हाय मिळालं त्याला पानी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कोरड्या तोंडानं गेला."

मरणाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. चांगली वाक्यं मला पाठ आहेत. त्यातलं एकही त्या पडवीत उच्चारण्यासारखं नव्हतं. मी तिच्या हातातली टोपली घेतली आणि तिला उंबऱ्यावर बसवलं.

पुढचं काम फार सावकाश चाललं. आधी त्यांनी चिमूटभर पीठ कागदी पाकिटात घेऊन बंद केलं. मी प्लास्टिकची पिशवी पुढे केली होती. त्या म्हणाल्या, "नको, प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते. कागदच बरा." मग फळीवर गुडघे टेकून, एका हातात मऊ ब्रश आणि दुसऱ्या हातात रबरी फुगा घेऊन त्यांनी कडेकडेनं पीठ सारायला सुरुवात केली. फुगा दाबायचा, पीठ थोडं हलायचं, ब्रशनं ते कागदावर ओढायचं. दिव्याला वारा लागेल म्हणून आत्या मधे हात धरून बसली. पंखा त्यांनी आधीच बंद करायला सांगितला होता. कपाळावरचा घाम त्या बाहीला टिपत होत्या.

खालची शहाबादी फरशी दिसू लागली, मग डागाची कड. खडबडीत जागी पीठ बारीक अडकून राहिलं होतं, त्यामुळे प्रत्येक रेघ उठून दिसत होती. एका बाजूला बुटाच्या तळव्याचा अर्धा भाग आला. त्याच्या पुढं एक गोलसर ठसा, आणि त्यात कापडाची उभीआडवी वीण.

"हे काय?" मी विचारलं.

"रिपोर्ट येईपर्यंत मी काही सांगायचं नसतं," झीनत मॅडम म्हणाल्या. ब्रश थोडा थांबला. "पण तुम्ही बघताच आहात. गुडघा टेकल्याचा ठसा आहे. रक्त ओलं असतानाचा."

"काकांचा, ॲम्ब्युलन्सवाल्यांचा?"

"ते आले तेव्हा रक्त वाळलेलं होतं. वाळलेल्यावर असा उमटत नाही."

फौजदार जवळ येऊन वाकले. अण्णांचं डोकं होतं त्या बाजूचं पीठ आता निघत होतं. तिथं डाग एकसारखा गडद नव्हता. मधे फिकट, पाण्यानं फुटल्यासारखा पसरला होता. आणि त्याच्या कडेला एक वाटोळी रेघ होती, तीन-चतुर्थांश पूर्ण.

कुणी काही बोलायच्या आत आत्या उठली. कमरेत वाकून तिनं त्या रेघेकडे बघितलं.

"तांब्याची बैठक हाय ही."

झीनत मॅडमनी मान वर केली.

"सारवलेल्या जमिनीवर जनमभर तांबे ठेवले मी. मला कळत न्हाय व्हय?"

"कुठला तांब्या, आजी?"

आत्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. दिव्याजवळ तांब्या भरलेला होता. "हौदाच्या कडंला आडवा पडलेला काल. बुडाला काय तरी काळं लागलेलं. घासला, भरला, ठिवला."

"घासला?" फौजदार म्हणाले. "कशानं?"

"राख नव्हती. त्या निळ्या साबनानं. तारेची घासनी घेऊन."

"अहो आजी, त्याच्यावर त्याची बोटं असणार की. सगळ्यात पक्का पुरावा तो."

मोजे घातलेले हात आत्यानं पुढं धरून बघितले. मग ते कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे मांडीवर पालथे ठेवले.

"साहेब," झीनत मॅडम म्हणाल्या, "कुणाच्याही घरात बाहेर पडलेला तांब्या घासूनच घेतात. मीही घेतला असता." त्यांनी तांब्यातलं पाणी एका बाटलीत काढून घेतलं, तांब्या न पुसता उचलला, बुडाचं माप घेतलं आणि फरशीवरच्या वाटोळ्या रेघेचं घेतलं. दोन्ही आकडे जुळले. त्यांनी ते दोनदा मोजले.

"तांब्या आधीपासून तिथं असेल," मी म्हणाले. मला स्वतःलाच खात्री करून घ्यायची होती. "अण्णा पडले आणि रक्त त्याच्याभोवती वाहिलं."

"तसं असतं तर आतली जागा कोरी राहिली असती. इथं आतही रक्त आहे आणि वरून बुडाची कड टेकलीय. तांब्या नंतर ठेवलाय." त्या फिकट पसरलेल्या भागाकडे बोट नेऊन थांबल्या. "आणि पाणी इथं सांडलंय. तोंडाच्या बाजूला."

पलीकडच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

मी ते मनात जुळवून बघत होते. कुणीतरी मोटर सोडवत होता. अण्णा दार उघडून आले. त्यानं त्यांचे दंड धरले, ढकललं. मग पळायच्या आधी तो हौदाशी गेला, तांब्या भरला, परत आला, रक्तात गुडघा टेकून बसला. मी वाचलेल्या रहस्यकथांत असा माणूस नव्हता. तिथल्या खुण्यांना काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की ते जातात. हा मोटरही न नेता गेला होता. मला त्याचा राग येत होता. तो तसाच पुरता येत राहिला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पाजलं त्यानं," आत्या म्हणाली.

"पाजायचा प्रयत्न केला, एवढं दिसतंय," झीनत मॅडम म्हणाल्या. "त्याच्या पुढचं फरशी सांगत नाही."

त्यांनी फोटो घेतले, डाग ओल्या कापसाच्या काड्यांवर टिपून त्या वाळत ठेवल्या, बुटाचा ठसा चिकटपट्टीवर उचलला. तांब्या कागदात गुंडाळून पाकिटात गेला, लाखेची मोहोर बसली. पाकिटावर मी आणि काकांनी सह्या केल्या. तांब्यावर आत्याचीही बोटं असतील, ती वेगळी काढता यावीत म्हणून तिच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे होते. मोजे काढून आत्यानं हात पुढं केले. शाई लावताना ती फौजदारांकडे बघत होती.

"सायेब, घावल का त्यो?"

"बुटाचा ठसा आहे. या भागात मोटरी चोरणारे कोण कोण आहेत ते आम्हाला ठाऊक आहे. बघू. बोटं मिळाली असती तर…" ते तिथं थांबले. चांगला माणूस होता. "घावेल, आजी."

"घावला तर लगीच मारू नगा."

"आम्ही कुठं मारतो?"

"बरं, न्हाय मारत. तर आदी त्याला एक इचारा."

"काय?"

आत्याची करंगळी झीनत मॅडमच्या हातात होती. ती तशीच ठेवून ती म्हणाली, "घोट गिळला का सयाजीनं, का भायेर सांडला? त्याच्याबिगर कुनाला ठावं न्हाय ते."

फौजदार पंचनामा लिहून घेत होते. त्यांनी पेन उचललं, परत कागदाला टेकवलं. "ते यात येत नाही, आजी."

"लिवू नगा. इचारा."

"विचारतो," ते म्हणाले.

गाडी गेली. मोटरीला हात लावायचा नव्हता, म्हणून काकांनी भिंतीवरून दोन बादल्या पाणी दिलं. संध्याकाळी मी आत्यासाठी भाकरी टाकली. तिनं अर्धी खाल्ली. पिठाचा डबा ओट्यावर उघडाच होता. मी विचारलं, "आज परत ठेवायचं का? उद्या बघू काही उमटतंय का."

"पिठाला काय ठावं हाय," आत्या म्हणाली.

सकाळपासून ती त्या माणसाचे हात झडावेत म्हणत होती. दुपारनंतर तिच्या तोंडून ते मी ऐकलं नाही. ती दिव्यात तेल घालून आली आणि पुढच्या ओसरीवर, रस्ता दिसेल अशी बसली. जुळे सोलापुरातली माणसं दुचाकीवरून घरी परतत होती. प्रत्येक तरुण माणूस वळणावर दिसला की ती त्याच्या तोंडाकडे बघायची, तो दिसेनासा होईपर्यंत.

"जगू दे त्याला," ती थोड्या वेळानं म्हणाली. "घावंस्तवर तरी जगू दे."